बैठकीतले नवे गाणे

कोजागिरीच्या रात्री दुर्ग किंवा भिलाईतल्या एखाद्या मराठी घरी बैठक भरते, तेव्हा तिचा क्रम बहुधा ठरलेला असतो. गच्चीवर सतरंज्या पसरल्या जातात, आटवलेले दूध चांदण्यात ठेवले जाते, आणि वर्षभर कपाटावर पडून राहिलेली पेटी धूळ झटकून बाहेर येते. आधी नाट्यपदे होतात, मग भावगीते. ज्यांना गाता येते ते गातात, बाकीचे माना डोलावतात. रात्र निम्मी सरली, मुले पेंगू लागली, की यजमान कोपऱ्यात बसलेल्या एखाद्या गृहस्थाकडे वळून म्हणतात, ‘आता तुमचे नवीन काही होऊ द्या.’ गृहस्थ आधी नाही म्हणतो. घसा धरल्याचे सांगतो. मग खिशातून चार घड्या घातलेला कागद निघतो, पाण्याचा पेला मागवला जातो, पेटीवाल्याला कुठली पट्टी हे सांगताना उगीच दोन चुका होतात, आणि पहिली ओळ अपेक्षेपेक्षा जलद लयीत म्हटली जाते. ज्याने ही ओळ लिहिली त्याच्या आवाजाला त्या क्षणी जो कंप सुटतो, तो या निबंधाचा विषय आहे.

विषय क्षुल्लक वाटेल. वाङ्मयाच्या इतिहासात कवितेची जन्मतारीख म्हणजे ती छापली गेली ती तारीख, हे आपण गृहीत धरले आहे. संग्रहाचे वर्ष, प्रकाशकाचे नाव, प्रस्तावनाकार कोण, यांवरून आपण कालखंड पाडतो आणि परंपरा जोडतो. पण मराठीतले गीत, म्हणजे गाण्यासाठीच रचलेली छोटी आत्मनिष्ठ कविता, छापखान्यात फार उशिरा पोचते. त्याआधी ती कुणाच्या तरी घरी, दहापंधरा माणसांसमोर, रचणाऱ्याच्याच तोंडून एकदा ऐकली गेलेली असते. त्या पहिल्या ऐकण्याची नोंद कुठेच होत नाही. आणि माझे म्हणणे असे की आपल्या गीताचा घाट पुष्कळ अंशी तिथेच ठरला आहे.

दुर्गपासून आरंभ करण्याला कारण आहे. हा प्रदेश मराठीच्या नकाशावर काठाला येतो. १७४१ च्या मोहिमेत भास्करपंत कोल्हटकर नागपूरकर भोसल्यांच्या फौजा घेऊन छत्तीसगडात उतरले. १७५८ पासून बिंबाजी भोसले रतनपूरला राहून कारभार पाहू लागले. १८५४ मध्ये नागपूरचे राज्यच खालसा झाले. पुढे १९०६ साली दुर्ग हा स्वतंत्र जिल्हा झाला तो मध्यप्रांताचा, आणि त्या प्रांताची राजधानी नागपूर. म्हणजे १९५६ च्या नोव्हेंबरपर्यंत दुर्गच्या माणसाला कचेरीच्या, शिक्षणाच्या आणि छापखान्याच्या कामासाठी ज्या शहराकडे पाहावे लागे ते मराठी शहर होते. राज्यपुनर्रचनेत नागपूर एका राज्यात गेले, दुर्ग दुसऱ्यात राहिले. त्याच सुमारास भिलाईचा पोलाद कारखाना उभा राहू लागला. १९५९ च्या फेब्रुवारीत त्याची पहिली झोतभट्टी राष्ट्रपती राजेंद्रप्रसादांच्या हस्ते पेटली. विदर्भातून आणि महाराष्ट्राच्या इतर भागांतून आलेली कुटुंबे कारखान्याच्या वसाहतीत राहू लागली, आणि जिथे मराठी घरे चारपाच एकत्र आली तिथे गणपती आला, हळदीकुंकू आले, कोजागिरी आली. मात्र मराठी प्रकाशक आला नाही, मराठी मासिक आले नाही. पुण्यातल्या कवीला बैठक ही छापण्याआधीची पायरी असते. दुर्गमधल्या कवीला बहुधा तीच शेवटची.

घरात गाणे आणि सभेत गाणे यांत मराठी कवितेच्या इतिहासाने पुरेसा भेद केलेला नाही. सभेतल्या गाण्याची आठवण आपण चांगली जपली आहे. १९०७ साली जळगावला कविसंमेलन भरले, अध्यक्ष होते डॉ. कान्होबा रणछोडदास कीर्तिकर. तिथे त्र्यंबक बापूजी ठोमरे नावाच्या सतरा वर्षांच्या मुलाने कविता म्हटली आणि अध्यक्षांनी त्याला ‘बालकवी’ ही पदवी दिली, ही हकीकत शाळकरी मुलांनाही ठाऊक असते. पण त्याच ठोमऱ्यांचे पुढे अहमदनगरला रेव्हरंड टिळकांच्या घरी राहणे झाले, लक्ष्मीबाईंच्या नजरेखाली, मायेत आणि रुसव्याफुगव्यात, हे ‘स्मृतिचित्रे’ वाचल्यावाचून कळत नाही. संमेलनात एकदाच नाव होते. घरात रोज कविता होते, आणि ती ऐकणारी माणसे स्वयंपाकघरातून हात पुसत बाहेर आलेली असतात. या दुसऱ्या श्रोत्यांविषयी समीक्षेने फारसे लिहिले नाही.

भा. रा. तांबे यांचे उदाहरण या दृष्टीने सर्वांत बोलके आहे. त्यांचा जन्म १८७४ चा, ग्वाल्हेरजवळच्या मुंगावलीचा; मृत्यू १९४१ चा. आयुष्य सारे मध्य भारतातल्या संस्थानांत गेले. देवासला युवराजांचे शिक्षक, मग ठिकठिकाणच्या दरबारी नोकऱ्या, अखेर ग्वाल्हेर. भोवतालची भाषा हिंदी, घरची मराठी, आणि कानावर सतत पडणारे गाणे ग्वाल्हेरच्या घराण्याचे. पुण्यामुंबईच्या वाङ्मयीन वर्तुळापासून ते दूर होते. त्यामुळे त्यांच्या कवितेचा पहिला श्रोता हा मासिकाचा संपादक नव्हता. भोवतालच्या चारदोन स्नेह्यांचे मराठी घर होते. त्यांची कविता वाचताना एक गोष्ट चटकन डोळ्यांत भरते. अनेक कवितांसोबत जातीचे नाव आहे, रागाचे नाव आहे, आणि ती कुठल्या गावी, कोणत्या दिवशी रचली हेही नोंदलेले आहे. अजमेर, लष्कर, ग्वाल्हेर, अशी ती गावे. छापील मराठी कवितेत ही सवय विरळा. जणू कवीला ठाऊक होते की कागदावर उतरली ती कविता अर्धीच आहे, उरलेली अर्धी विशिष्ट गावी, विशिष्ट सुरांत, विशिष्ट संध्याकाळी होऊन गेली.

तांब्यांचा पहिला संग्रह १९२० साली निघाला, तोही वा. गो. मायदेवांनी खटपट केली म्हणून. त्या वेळी कवीचे वय पंचेचाळीस होते. समग्र कविता १९३५ साली माधवराव पटवर्धनांच्या संपादनाने आली. आता वाङ्मयेतिहासाचे लेखक तांब्यांना केशवसुतांच्या नंतर, रविकिरण मंडळाच्या सोबतीला बसवतात, ते संग्रहांच्या वर्षांवरून. वास्तविक ते केशवसुतांहून अवघ्या आठ वर्षांनी लहान. त्यांच्या गीताची घडण एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस, महाराष्ट्राच्या बाहेर, ऐकणाऱ्यांच्या सहवासात झाली. छापील तारखेवर विसंबल्याने एका पिढीचा घोटाळा होतो तो असा.

बैठक गीताला नेमके काय करते? वाचणाऱ्याला मागे जाता येते, ओळ पुन्हा पाहता येते. ऐकणाऱ्याला येत नाही. म्हणून पहिल्या ओळीने बसलेल्या माणसाला धरले पाहिजे. ध्रुवपद पुन्हा पुन्हा येते, ते केवळ अलंकार म्हणून नव्हे. घाबरलेल्या कवीला तिथे श्वास घ्यायला सापडतो, पुढचे कडवे आठवायला सापडते. आणि तिसऱ्यांदा ध्रुवपद आले की समोरच्यांपैकी एखादी बाई हळूच त्यात सूर मिसळते. गाणे लागू पडल्याची खरी खूण तीच. टाळ्या नव्हेत, टाळ्या शिष्टाचाराच्या असतात. अक्षरगणवृत्तांत बांधलेला श्लोक म्हणता येतो, पण त्याची चाल आधीच ठरून गेलेली असते. मात्रांवर चालणारी जातिरचना गाणाऱ्याला मोकळीक देते. केशवसुतांनंतरच्या दोन पिढ्यांत मराठी कविता वृत्तांकडून जातींकडे सरकली, याची अनेक कारणे दिली जातात. इंग्रजी गीतांचे वाचन हे त्यांतले एक. त्यात घरच्या बैठकीचे कारणही जोडावे असे मला वाटते. ज्या माधव जूलियनांनी ‘छंदोरचना’ लिहून या जातींचा शास्त्रशुद्ध हिशेब मांडला, ते स्वतः एका साप्ताहिक बैठकीचे सभासद होते, हा निव्वळ योगायोग नसावा.

ती बैठक म्हणजे रविकिरण मंडळ. १९२३ साली पुण्यात माधव जूलियन, यशवंत, गिरीश, श्री. बा. रानडे, मनोरमाबाई रानडे, ग. त्र्यं. माडखोलकर, वि. द. घाटे आणि नाट्यछटाकार दिवाकर ही मंडळी आठवड्यातून एकदा चहासाठी एकत्र येऊ लागली. नवी कविता आणावी, म्हणून दाखवावी, इतरांनी तिच्यावर बोलावे, एवढाच बेत. त्याच वर्षी त्यांचा ‘किरण’ हा संग्रह निघाला आणि मंडळाला नाव मिळाले. या बैठकीचे वैशिष्ट्य असे की ऐकणारे सगळे स्वतः कवी होते. यजमानीणबाई कौतुकाने ‘छान’ म्हणते ते वेगळे, आणि छंद कुठे लंगडला हे बोटावर मोजून सांगणारा मित्र समोर बसलेला असतो ते वेगळे. अशा ठिकाणची भीती अधिक कडक असते, आणि अधिक उपयोगीही. मंडळातल्या कवितेचा रेखीवपणा, तिची ओळीओळीतली सफाई, या भीतीची कमाई आहे असे म्हणायला हरकत नाही.

पुढे काय झाले ते सर्वश्रुत आहे. यशवंत आणि गिरीश यांचे काव्यगायन गाजू लागले. चहाच्या टेबलापुढचे ऐकणे सभागृहात गेले. गावोगाव कवींना गायनासाठी आमंत्रणे येऊ लागली. १९२५ साली आचार्य अत्र्यांनी ‘झेंडूची फुले’ फुलवून या सगळ्या नादमाधुर्याची टवाळी केली, आणि ती पुष्कळशी यथार्थ होती. ज्या गोष्टीसाठी कवी घरात घाबरत होता तिचीच आता मागणी होऊ लागली होती. घाबरण्याचे कारण उरले नाही, आणि त्याबरोबर कवितेतले काहीतरी गेले. श्रोत्यांना काय आवडते हे आधीच ठाऊक असलेला कवी नवे गाणे म्हणत नाही, जुनेच नव्या शब्दांत म्हणतो. १९४७ साली मर्ढेकरांचे ‘काही कविता’ आल्यावर नवकवितेच्या पुरस्कर्त्यांनी काव्यगायनाला जो नकार दिला त्याच्या मुळाशी हा राग होता. तो राग मला मान्य आहे. फक्त त्याच्या भरात घरातली बैठक आणि रंगमंचावरचा जलसा यांना एकाच मापाने मोजले गेले, आणि गाऊन म्हटलेली प्रत्येक कविता संशयित ठरली. स्वतः मर्ढेकरांनी ओवी आणि अभंग हे तोंडी परंपरेतले छंद हाताळले, ही गंमत त्या वादात बाजूलाच राहिली.

बैठक नेहमी बरोबर असते असेही नाही. याचा सर्वांत मोठा दाखला परका आहे. १८२७ साली व्हिएन्नात फ्रान्झ शुबर्टने आपला मित्र शोबर याच्या घरी स्नेह्यांना बोलावून ‘विंटरराइझे’ या गीतमालेची तोवर झालेली गीते स्वतःच्या आवाजात म्हणून दाखवली. शुबर्टच्या घरगुती मैफली हा त्या मित्रमंडळीचा आवडीचा रिवाज होता. तिथे नाच होई, खाणेपिणे होई. त्या दिवशीची गाणी इतकी काळोखी होती की मंडळी गोंधळून गेली. त्या वेळच्या आठवणी स्पाउन या मित्राने लिहून ठेवल्या आहेत: शोबरने आपल्याला एकच गीत आवडले असे सांगितले, ते लिंडेनच्या झाडाचे, त्यावर शुबर्टने, आपल्याला ही गाणी इतर सर्व गाण्यांहून प्रिय आहेत आणि तुम्हांलाही पुढे आवडतील, अशा अर्थाचे उत्तर दिले. पुढल्या वर्षाच्या नोव्हेंबरात तो वारला. मालेचा दुसरा भाग त्याच्या मृत्यूनंतर छापून आला. मित्रांना आवडले ते झाडाचे गीत आज लोकगीतासारखे गायले जाते, आणि न आवडलेली गीते जगातले श्रेष्ठ गायक आयुष्यभर अभ्यासतात. म्हणजे बैठकीचा कौल चुकला. तरी गीत म्हणणारा तिथे गेला, बसला, आणि गायला. आपले नाही पटले तरी आपलेच, एवढी मोकळीक त्या घराने त्याला दिली होती. सभागृहाने दिली नसती.

आपल्याकडे ज्याला गाता येत नाही अशा कवीचे काय होते, याची कहाणी मध्यप्रांताच्याच राजधानीत घडली. मेहकरचे ना. घ. देशपांडे, जन्म १९०९. पुढे आयुष्यभर गावी वकिली केली. तरुणपणी, १९२९ च्या सुमारास, त्यांनी ‘शीळ’ ही कविता लिहिली. नागपुरात कायद्याचा अभ्यास करणारे गोविंदराव जोशी, म्हणजे पुढे जी. एन. जोशी म्हणून प्रसिद्धीस आलेले गायक, यांनी ती गायला घेतली. विद्यार्थ्यांच्या खोल्यांत, मित्रांच्या घरी गाणे फिरले. आणि १९३२ साली एचएमव्ही कंपनीने जोशींच्या आवाजात ते ध्वनिमुद्रित केले. मराठी भावगीताच्या तबकड्यांचा इतिहास सामान्यपणे तिथून सुरू करतात. जोशी पुढे त्याच कंपनीत अधिकारी झाले आणि पन्नास वर्षांच्या संगीताचे साक्षीदार ठरले.

यात कवी कुठे आहे? कवीने शब्द दुसऱ्याच्या आवाजाकडे सोपवले आणि आपण मागे राहिला. बैठकीतला कंप गायकाच्या वाट्याला गेला; आणि गायक हा आवाजाचा धनी असल्याने तो कंपही हळूहळू नाहीसा झाला. त्या काळच्या तबकडीची एक बाजू सुमारे तीन मिनिटांची. तेवढ्यात ध्रुवपद, दोनतीन कडवी आणि वाद्यांचे तुकडे बसवायचे. घरच्या बैठकीने गीताला जो आटोपशीरपणा दिला होता तो या यंत्राच्या नेमका सोयीचा निघाला. म्हणून भावगीत तबकडीवर इतके सहज स्थिरावले. पण ध्यानात घेण्याजोगी गोष्ट तारखांची आहे. गाणे महाराष्ट्राच्या घराघरांत पोचले १९३२ मध्ये. ‘शीळ’ हा कवीचा पहिला संग्रह निघाला १९५४ मध्ये. बावीस वर्षे हा कवी संग्रहावाचून लोकांच्या तोंडी होता. त्यांना साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला १९८६ साली, ‘खूणगाठी’साठी, तेव्हा कवी सत्त्याहत्तर वर्षांचे होते आणि पत्ता मेहकरचाच होता.

स्त्रियांच्या बाबतीत हे अंतर आणखी लांबते, आणि कित्येकदा मिटतच नाही. संजीवनी मराठ्यांसारखी एखादी कवयित्री कविसंमेलनांत स्वतःच्या कविता गाऊन श्रोत्यांना जिंकू शकली, ती अपवाद. बहुतेकींना बैठकीत जागा असे ती दाराच्या चौकटीपाशी. खानदेशातल्या बहिणाबाई चौधरींची गाणी जात्यावर, शेतात, चुलीपुढे झाली. त्यांना लिहिता येत नव्हते. मुलगा सोपानदेव आणि आप्तांपैकी एक यांनी जमेल तशी उतरवून घेतली. ३ डिसेंबर १९५१ रोजी त्या गेल्या. सोपानदेव स्वतः कवी, तरी आईची वही आचार्य अत्र्यांपुढे ठेवताना ते संकोचले, ही हकीकत प्रसिद्ध आहे. ज्या अत्र्यांनी गाणाऱ्या कवींची ‘झेंडूची फुले’ केली होती त्यांच्यापुढे एका निरक्षर बाईच्या ओव्या वाचायच्या, ही भीती लहान नव्हे. अत्रे ऐकून हरखून गेले आणि १९५२ साली ‘बहिणाबाईंची गाणी’ त्यांच्या प्रस्तावनेसह निघाली. इथेही गाणे आधी, घर आधी, पुस्तक सर्वांत शेवटी. आणि या वेळी पुस्तक रचणाऱ्या व्यक्तीच्या हाती कधीच पडले नाही. ज्यांच्या घरात सोपानदेव नव्हते त्या बायकांची गाणी मोजायला काही साधन नाही.

आता पुन्हा दुर्गकडे. १९४८ मध्ये राजनांदगाव संस्थान विलीन होऊन दुर्ग जिल्ह्यात आले आणि १९७३ पर्यंत त्या जिल्ह्यातच होते. तिथल्या दिग्विजय महाविद्यालयात १९५८ साली एक अध्यापक रुजू झाले. घरी मराठी बोलत, धाकटे बंधू नागपुरात राहून मराठी कविता लिहीत, आणि हे लिहीत हिंदीत. गजानन माधव मुक्तिबोध. शरच्चंद्र मुक्तिबोधांची ‘नवी मळवाट’ १९४९ सालीच आली होती. थोरल्या भावाचा स्वतंत्र कवितासंग्रह मात्र हयातीत निघालाच नाही. जुन्या राजवाड्याच्या आवारातले, तळ्यांच्या काठचे ते घर आज स्मारक म्हणून जपलेले आहे. तिथे राहून मुक्तिबोधांनी ज्या दीर्घ कविता लिहिल्या त्या कुणाला गाऊन दाखवता येण्याजोग्या नव्हत्या. त्या वाचून दाखवायच्या, तास तास, आणि वाचून झाल्यावर पुन्हा लिहायला घ्यायच्या. ‘अंधेरे में’ ही त्यांची सर्वांत गाजलेली कविता ‘कल्पना’ मासिकात नोव्हेंबर १९६४ मध्ये छापून आली. मुक्तिबोध त्या आधीच, ११ सप्टेंबरला, गेले होते. मासिकात तिच्या शीर्षकात ‘आशंका के द्वीप’ हे शब्द होते. पुढे ते गळले. मला ते गळायला नको होते असे वाटते.

गीताच्या निबंधात मुक्तिबोध कसे, असे कुणी विचारील. ‘एक साहित्यिक की डायरी’त त्यांनी कलेचे तीन क्षण सांगितले आहेत: पहिला तीव्र अनुभवाचा, दुसरा तो अनुभव आपल्या दुखऱ्या मुळांपासून सुटून कल्पनाचित्र होण्याचा, तिसरा त्या चित्राला शब्द देऊ लागण्यापासून ते पुरे होण्यापर्यंतचा. विवेचन आपल्या परीने पूर्ण आहे. पण ते कुठल्या रूपात केले आहे ते पाहावे. ते एका मित्राशी झालेल्या संवादाच्या रूपात आहे. मित्र विचारतो, अडवतो, लेखक चाचपडत उत्तर देतो. ज्या माणसाला छापील वाचक जवळजवळ नव्हता, त्याला कवितेचा सिद्धान्त सांगतानाही समोर एक ऐकणारा बसवावा लागला. चौथा क्षण त्यांनी सांगितला नाही, तो त्यांच्या लेखनाच्या रीतीतच आहे.

मुक्तिबोध गेल्यानंतर सात वर्षांनी त्याच जिल्ह्यात अगदी वेगळ्या जातीचे गाणे उभे राहिले. दुर्ग शहरालगत बघेरा नावाचे गाव आहे. तिथले दाऊ रामचंद्र देशमुख. आडनाव मराठी कानाला ओळखीचे, पण घराची भाषा छत्तीसगढी. नाचा या लोकनाट्याला लागलेली उतरती कळा पाहून त्यांनी गावोगावचे कलावंत शोधले, बघेऱ्यात आणले, आणि ७ नोव्हेंबर १९७१ रोजी ‘चंदैनी गोंदा’चा पहिला प्रयोग त्याच गावात केला. संगीत खुमानलाल साव यांचे. गीतकारांत लक्ष्मण मस्तुरिया हा अवघ्या बाविशीतला कवी होता, आणि तो स्वतः गातही असे. शेतकऱ्याच्या आयुष्याची ही गीतमाला पाहायला पुढे अफाट गर्दी लोटू लागली. मस्तुरियांची गाणी आकाशवाणीवरून छत्तीसगडभर पसरली. २०१८ साली ते वारले तेव्हा ती लोकगीतेच समजली जात होती. गर्दी झाली ती नंतर. त्याआधी बघेऱ्यातल्या तालमींत ही गाणी मोजक्या माणसांच्या कानांवरून गेली होती, आणि ऐकणारे त्या भाषेचे धनी होते. एखादा शब्द शहरी वाटला तर त्यांच्या कपाळावर आठी पडणारच.

दुर्गच्या मराठी कवीचे आणि या गीतकाराचे गाव एक, बैठकीतली भीतीही एकच. फरक दाराबाहेर आहे. बघेऱ्याच्या गाण्याला उंबरठ्यापलीकडे लगेच त्याच भाषेचा मुलूख होता. मराठी गाण्याला दाराबाहेर पाऊल टाकले की जिल्हाभर दुसरी भाषा. नागपूरच्या गाडीला चारपाच तास लागतात, पण १९५६ नंतर ते अंतर तासांत मोजण्याजोगे राहिले नाही. कारखान्यात कामाला आलेल्यांची मुले हिंदी शाळांत शिकली, मग इंग्रजी. आजोबांचे नवे गाणे त्यांना चालीमुळे आवडते, शब्द अर्धेच कळतात. अशा वेळी गाणाऱ्याच्या मनातली धाकधूक बदलते. आवडेल की नाही, ही जुनी भीती. समजेल की नाही, ही नवी. तांब्यांना ग्वाल्हेरात पहिली होती, दुसरी बहुधा नव्हती. त्यांचे ऐकणारे मराठीच होते आणि त्यांची मुलेही.

या बैठकांतून किती गीते झाली याची यादी कुणी केलेली नाही, आणि करायची झाली तर ती ग्रंथालयात बसून होणार नाही. कागद घरांत आहेत. कारखान्याच्या जुन्या रोजनिशीच्या मागल्या कोऱ्या पानांवर, लग्नपत्रिकांच्या पाठीवर, मुलीच्या शाळेच्या वहीत. काहींवर तांब्यांसारखे रागाचे नाव असेल, काहींवर नुसते ‘अमुक पदाच्या चालीवर’.

कोजागिरीच्या त्या गच्चीवर गाणे संपते तेव्हा क्षणभर कुणी बोलत नाही. मग दुधाचे पेले फिरू लागतात. कुणीतरी म्हणते, कागद द्या, उतरवून घेते. गृहस्थ कागदाच्या घड्या पुन्हा घालतो आणि म्हणतो, तिसऱ्या कडव्यात एक शब्द अजून बसत नाही, तो बसला की देईन.